गाताना कानावर कोणता हेडफोन?

वाचकाचं पत्र

मी मिरजेत राहते. लहानपणापासून गाणं शिकले, विशारद झाले, आता काही मुली घरी शिकायला येतात. गेल्या वर्षापासून घरीच अभंग आणि नाट्यपदं रेकॉर्ड करते. कंडेन्सर माइक आणि दोन चॅनलचा ऑडिओ इंटरफेस (माइक आणि हेडफोन कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) आहे. तबला पुण्याहून रेकॉर्ड होऊन येतो, त्यावर मी गाते. दोन अडचणी आहेत. गाताना मी जिथे थांबते तिथे मागे ठेक्याची आणि तानपुऱ्याची बारीक कुजबुज ऐकू येते. दुसरी अडचण म्हणजे हेडफोन लावून गायले की तार सप्तकात सूर किंचित उतरतो. तेच पद तानपुरा घेऊन गायले तर नीट लागतं. सध्या यजमानांचा जुना हेडफोन वापरते, त्याला बाहेरच्या बाजूनं जाळी आहे. मुलगा म्हणतो, 250 ओहमचा घे, स्टुडिओत तोच असतो. यजमान म्हणतात, नॉइज कॅन्सलिंगवाला ब्लूटूथचा घे. बजेट 12 हजार. मला चष्मा आहे. काय घेऊ?

— एक वाचक, मिरज

उत्तर

ताई, तुमच्या पहिल्या अडचणीचं कारण तुमच्या पत्रातच आहे. यजमानांच्या हेडफोनला बाहेरून जाळी आहे, म्हणजे तो ओपन-बॅक आहे. त्यातला पडदा जितका आवाज कानाकडे ढकलतो, जवळजवळ तितकाच मागच्या जाळीतून बाहेर सोडतो. गाणं ऐकायला हा प्रकार फार सुंदर. 1968 साली जर्मनीच्या सेन्हायझर कंपनीनं एचडी 414 हा पहिला ओपन हेडफोन बाजारात आणला. लोकांना तो आवडला, कारण आवाज डोक्यात कोंडल्यासारखा वाटत नव्हता. पण तुमचा माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आहे. म्हणजे कानापासूनही तो फार लांब नाही, आणि कंडेन्सर माइक बारीकसारीक काही सोडत नाही. तुम्ही गात असता तेव्हा तुमचा आवाज ही गळती झाकतो. थांबलात की ती उघडी पडते. पुढे मिक्सिंगमध्ये आवाज सलग राहावा म्हणून कॉम्प्रेसर लावला की हळू भाग वर उचलले जातात आणि कुजबुज आणखी ठळक होते.

काही जण म्हणतील, तानपुरा शेवटी गाण्यात असणारच आहे, माइकमध्ये थोडा आला तर बिघडलं काय? नुसत्या तानपुऱ्यापुरतं हे थोडंफार चालून जातं. ठेक्याचं तसं नाही. उद्या तबलजीनं ठेका बदलून पाठवला, किंवा तुम्हीच अंतऱ्यातली एखादी ओळ अर्धी मात्रा मागे सरकवली, तर जुना ठेका तुमच्या गळ्याच्या ट्रॅकमध्ये कायमचा बसलेला असतो. तो तिथून स्वच्छ काढता येत नाही. शिवाय गळालेला आवाज पूर्ण नसतो. बायाँचा, म्हणजे डग्ग्याचा, घुमारा येत नाही, फक्त चाटीची, म्हणजे तबल्याच्या कडेची, टकटक येते. मूळ तबल्याखाली ती मिसळली की तबलाही पातळ वाटायला लागतो.

तेव्हा गाण्यासाठी क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून पूर्ण बंद असलेला आणि कान सगळा झाकणारा हेडफोन घ्यायचा. एवढ्यापुरतं माझं उत्तर ठाम आहे. सेमी-ओपन प्रकारही नको. एकेजीचा के 240 पुष्कळ स्टुडिओंत दिसतो, वाद्यवाल्यांना आवडतो, हलका आहे. पण तो अर्धा उघडा असल्यामुळे गाणाऱ्याच्या तोंडापुढे कंडेन्सर असेल तर तीच कुजबुज परत येईल.

आता पेच सांगतो. बंद हेडफोन तुमची पहिली अडचण सोडवेल आणि दुसरी कदाचित वाढवेल.

तानपुरा मांडीवर किंवा शेजारी घेऊन बसता तेव्हा तुम्ही स्वतःला दोन वाटांनी ऐकत असता. एक वाट हवेतून: आवाज तोंडातून निघतो, खोलीत फिरतो, कानात येतो. दुसरी हाडांतून: जबडा आणि कवटीतून तो थेट आतल्या कानापर्यंत पोचतो. वर्षानुवर्षांच्या रियाजात सूर लावायची सवय या दोन्हींच्या मिळणीवर बसलेली असते. कान दोन्ही बाजूंनी घट्ट झाकले की हवेची वाट जवळपास बंद होते आणि हाडांतून येणारा भाग, त्यातही खालचा गुंजारव, जास्त भासतो. बोटं कानात घालून 'म' म्हणून पाहा, लगेच कळेल. अशा वेळी आपला आवाज आपल्यालाच जड वाटतो. त्याच्या वर तानपुरा आणि तबला मोठ्यानं वाजत असतील तर षड्ज कुठे मिसळतोय ते कळेनासं होतं. मी कितीतरी पक्क्या गळ्याच्या गायकांचा सूर हेडफोनमध्ये असा हललेला पाहिला आहे. तुमच्या गळ्यात दोष आला असं मुळीच समजू नका.

यावर उपाय आहेत आणि ते फुकट आहेत. नवा हेडफोन घ्यायच्या आधी आजच करून पाहा.

सगळ्यात आधी तानपुरा आणि तबला एकाच सुरात आहेत का ते तपासा. ही बाब क्षुल्लक वाटते, पण पुष्कळ ठिकाणी दुखणं इथेच असतं. समजा तुमची पट्टी काळी चार. 440 हर्ट्झ हा आकडा पियानोच्या मधल्या पांढरी सहाचा असतो. ती 440 धरली की काळी चारचा षड्ज साधारण 208 हर्ट्झवर येतो. पण तानपुऱ्याच्या काही अॅपमध्ये तीच पांढरी सहा 432 वर लावायची सोय असते, आणि ती नकळत चालू राहते. 440 आणि 432 मध्ये साधारण 32 सेंटचा फरक पडतो, म्हणजे अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्शाइतका. तबला एका षड्जावर, तानपुरा दुसऱ्यावर, आणि मध्ये तुम्ही! मग तार सप्तकात गळा कुणाचं ऐकणार?

मग हेडफोनमधला समतोल. घरी रेकॉर्ड करणारे बहुतेक जण आधी ठेका लावतात, मग तानपुरा, आणि आपला आवाज सगळ्यात शेवटी, उरलेल्या जागेत. उलट करा. आधी फक्त स्वतःचा आवाज. तो नैसर्गिक वाटला की तानपुरा हळूहळू वाढवा, त्याची जवारी, म्हणजे तारांची झणझण, ऐकू यायला लागली की थांबा. ठेका त्याच्याही खाली ठेवा. सम कळली, मात्रा कळली, की पुरे. मग सगळ्याचा मिळून आवाज इतका कमी करा की 'अजून जरा हवा होता' असं वाटेल, आणि तिथेच गा. गळती कमी होते, सूर सुधारतो, आणि कानही वाचतात. आवाजाच्या पातळीबद्दल कामगारांच्या आरोग्यासाठी वापरला जाणारा एक मापदंड असा आहे: 85 डेसिबल आठ तास चालतात, आणि पुढे दर 3 डेसिबलना वेळ निम्मा होतो. 88 ला चार तास, 91 ला दोन. शिकवणी, रियाज आणि रेकॉर्डिंग एकाच दिवशी करणाऱ्या माणसानं हे लक्षात ठेवावं.

तुमच्या इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर' अशी कळ किंवा बटण असेल. ते चालू करा आणि सॉफ्टवेअरमधून येणारा स्वतःचा आवाज बंद करा. नाहीतर तुमचा आवाज आधी कॉम्प्युटरात जातो, तिथे रांगेत थांबतो, मग कानात येतो. ही रांग किती लांब असावी ते बफरच्या आकड्यावर ठरतं. 48 हजारच्या सॅम्पल रेटवर (सेकंदाला आवाजाचे 48 हजार नमुने) 256 नमुन्यांचा बफर म्हणजे जाताना सव्वापाच मिलिसेकंद, येताना तेवढेच, वर यंत्राचा थोडा वेळ. ऐकताना उशीर झाल्याचं जाणवत नाही, पण हाडांतून आलेला आवाज आणि हा उशिरा आलेला आवाज एकमेकांवर घासतात आणि गळा पोकळ वाटतो. डायरेक्ट मॉनिटरमध्ये ही भानगड नाही. आवाज फार कोरडा वाटला तर आणि इंटरफेसच्या स्वतःच्या मिक्सरमध्ये सोय असेल, तर फक्त ऐकण्यापुरता थोडा रिव्हर्ब, म्हणजे खोलीसारखा घुमारा, द्या. रेकॉर्ड कोराच होऊ द्या.

आणि शेवटचा, सगळ्यात जुना उपाय: एक कान मोकळा ठेवा. मोठमोठे गायक स्टुडिओत एक कप मागे सरकवून गातात, ते याचसाठी. मात्र यात एक काळजी घ्यावी लागते आणि ती बहुतेक जण घेत नाहीत. सरकवलेला कप हवेत लोंबकळत राहिला तर तो छोटा लाउडस्पीकरच झाला, सगळी गळती तिथून. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये तानपुरा आणि ठेका दोन्ही पूर्णपणे एका बाजूला पॅन करा, म्हणजे मोकळ्या कानाच्या कपात काही वाजणारच नाही. इंटरफेस तसं करू देत नसेल तर तो कप कानामागच्या हाडावर सपाट टेकवून ठेवा, त्याची गादी डोक्याला पूर्ण चिकटली पाहिजे.

आता घरच्यांच्या सूचनांकडे.

यजमानांना सांगा, त्यांचा ब्लूटूथ हेडफोन फिरायला जाताना उत्तम, रेकॉर्डिंगला नाही. ब्लूटूथमध्ये आवाज पॅकेट करून पाठवला जातो आणि पलीकडे उलगडला जातो, त्यात 150 ते 200 मिलिसेकंद सहज जातात. मध्य लयीत मात्रा अर्ध्या सेकंदाची धरली तर 200 मिलिसेकंद म्हणजे मात्रेचे दोन पंचमांश. ठेका तुमच्या कानात तेवढा उशिरा येणार, तुम्ही त्याच्यावर बरोबर गाणार, आणि रेकॉर्डिंगमध्ये सगळं गाणं मागे पडलेलं दिसणार. नॉइज कॅन्सलिंगचं म्हणाल, तर ते बाहेरची घरघर आत येऊ नये म्हणून असतं. तुमची अडचण बरोबर उलटी आहे. तुम्हाला आतलं बाहेर जाऊ द्यायचं नाही. त्या यंत्रणेचा तिथे काही उपयोग नाही.

मुलगा चुकीचं बोलत नाही, पण अर्धं बोलतो आहे. बायरडायनॅमिकचा डीटी 770 प्रो हा खरंच स्टुडिओतला खंदा हेडफोन आहे, बंद आहे, आणि तो 32, 80 आणि 250 ओहममध्ये मिळतो. ओहम म्हणजे हेडफोन विजेला किती विरोध करतो त्याचं माप. 250 चा घ्यायचा तर तो चालवायला जास्त व्होल्टेज लागतं. हिशेब करून दाखवतो. फोनच्या किंवा साध्या यंत्राच्या जॅकमधून अर्धा व्होल्ट मिळाला असं धरा. 250 ओहममध्ये त्यातून एक मिलिवॉट शक्ती जाते, आणि या हेडफोनची सेन्सिटिव्हिटी एका मिलिवॉटला 96 डेसिबल आहे. म्हणजे सगळ्यात जोराचा क्षण 96 चा, आणि गाण्याची सरासरी त्याच्या बरीच खाली. गळा उघडून गाणाऱ्या माणसाला हे कमी पडू शकतं. त्याच अर्ध्या व्होल्टवर 80 ओहमचा हेडफोन साधारण 5 डेसिबल जास्त देतो. ओहम जास्त म्हणजे दर्जा जास्त, असं काही नाही. तो आकडा तुमच्याकडच्या यंत्राशी जुळतो की नाही एवढंच पाहायचं. तुमच्या इंटरफेसला 80 ओहम सोसेल. मुलाला म्हणावं, सूचना योग्य, फक्त आकडा बदल.

मग घ्यायचा कोणता? तुमच्या कामासाठी मी ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम40एक्स पहिला ठेवीन. बंद आहे, 35 ओहमचा आहे, कुठल्याही इंटरफेसवर आरामात वाजतो. त्याचे कप 90 अंशांत फिरतात, त्यामुळे एक कान मोकळा ठेवणं सोपं जातं. तुमच्या बाबतीत माझ्या लेखी हाच सगळ्यात मोठा गुण. वायर निघते, तुटली तर नवी लावता येते, आणि लांब सरळ वायर व गुंडाळीची वायर अशा दोन्ही सोबत मिळतात. गाताना सरळ वायर वापरा. गुंडाळीची वायर ताणली की मान हलल्यावर ओढ बसते. याचाच मोठा भाऊ एम50एक्स जास्त प्रसिद्ध आहे, पण त्यात खालचा आवाज फुगवलेला वाटतो. बायाँ त्यात छान घुमतो, आणि मग मिक्सिंगमध्ये तुम्ही तो कमी करून बसता. थोडं कमी प्रसिद्ध ते घ्या.

सोनीचा एमडीआर-7506 हा 1991 पासूनचा, आणि जगभरच्या रेकॉर्डिंग रूममध्ये, रेडिओत, सिनेमाच्या शूटिंगवर त्याचा निळा पट्टा अजून दिसतो. 63 ओहमचा, हलका, आणि वरचे तपशील असे दाखवतो की 'स' आणि 'श' चा जरासा फूत्कार, ओठांचा आवाज, श्वास, सगळं समोर. चुका शोधायला तो फार चांगला. पण त्याच चुरचुरीतपणामुळे तासन्तास गाताना कान थकतात, आणि त्याची वायर निघत नाही. घेतलात तर वाईट नाही. फक्त नकली माल एम40एक्स आणि 7506 या दोन्ही मॉडेलांत पुष्कळ फिरतो, तेव्हा फारच स्वस्त दिसला तर थांबा आणि अधिकृत विक्रेत्याकडून पक्कं बिल घ्या. भाव सतत हलतात म्हणून मी आकडे लिहीत नाही. तुमच्या 12 हजारांत एम40एक्स बसेल असा माझा अंदाज आहे, डीटी 770 साठी थोडं वर जावं लागेल.

आणि चष्मा. चष्म्याची काडी गादीखाली गेली की तिथे दाराला फट राहावी तशी फट राहते. त्या फटीतून खालचे स्वर निसटतात, म्हणजे तुम्हाला खर्जाची तार आणि बायाँ कमी ऐकू येतात, आणि गळतीही वाढते. जाड प्लॅस्टिकच्या काडीपेक्षा बारीक धातूची काडी बरी. शब्द पाठ असतील तर चष्मा काढूनच गा. डीटी 770 च्या मखमली गाद्या मऊ असल्यामुळे काडी दाबत नाहीत, आणि उन्हाळ्यात पंखा बंद करून गावं लागतं तेव्हा घामही कमी येतो. थोडं बजेट वाढवून 80 ओहमचा डीटी 770 घ्यायला हे एक खरं कारण आहे. दोन्ही डोक्यावर ठेवून पाहा आणि मग ठरवा.

दुकानात जाताना, कोल्हापूर असो की पुणे, तुमचा चष्मा, इंटरफेस, लॅपटॉप आणि नेहमीचा तबल्याचा ट्रॅक सोबत न्या. हेडफोन लावा, गाताना ठेवता तितक्या आवाजात ठेका आणि तानपुरा लावा, तोंड मिटून शांत बसा, आणि फोनचा रेकॉर्डर तोंडापासून वीतभर धरून अर्धं मिनिट रेकॉर्ड करा. मग ते ऐका. हीच परीक्षा चष्म्यासह आणि चष्म्याशिवाय, आणि प्रत्येक हेडफोनवर. दुकानात गर्दी असेल तर सकाळी उघडतानाच जा. विक्रेता फ्रिक्वेन्सीचा आलेख दाखवेल, तो पाहून घ्या, पण निकाल तुमच्या रेकॉर्डिंगवर द्या. आणखी एक विचारा: याच्या गाद्या सुट्या मिळतात का? कृत्रिम चामड्याच्या गाद्या वापरानं सोलतात, त्यांची पोपडी निघते, आणि फट पुन्हा तयार होते. गाद्या बदलता येत असतील तर हेडफोन वर्षानुवर्षं टिकतो.

मिक्सिंगबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तेही तुम्हीच करत असणार, म्हणून थोडं सांगतो. हेडफोनमध्ये डावा आवाज फक्त डाव्या कानात जातो. स्पीकरवर ऐकताना दोन्ही कानांना दोन्ही स्पीकर ऐकू येतात. त्यामुळे हेडफोनवर तबला आणि तानपुरा फार लांब पसरलेले वाटतात, आणि रिव्हर्बचा अंदाज चुकतो. म्हणून मिक्स हेडफोनवर करा, पण पक्का करायच्या आधी छोट्या स्पीकरवर, गाडीत आणि फोनच्या स्पीकरवर ऐका. हेडफोनची ओळख व्हावी म्हणून तुमच्या पूर्ण ओळखीचं एखादं चांगलं रेकॉर्डिंग रोज त्यावर ऐकत जा. ते अलीकडचं असू द्या. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या म्हणजे मिरजेचा ठेवा, पण त्या काळच्या तंत्रात फार खालचा आणि फार वरचा आवाज उतरतच नव्हता, त्यावरून हेडफोनची पारख होणार नाही. याच कामासाठी यजमानांचा जाळीचा हेडफोनही राखून ठेवा. माइक बंद असतो तेव्हा त्याची गळती कुणाला त्रास देत नाही, आणि मिक्स करताना त्यात गाणं डोक्यात न कोंडता जरा बाहेर उभं राहिल्यासारखं ऐकू येतं. गाताना बंद, मिक्स करताना उघडा, असे दोन हेडफोन तुमच्याकडे आपोआपच होतील.

तबलजींनाही एक निरोप द्या. पुढच्या ट्रॅकसोबत त्यांनी षड्जाचा नेमका आकडा, म्हणजे तबला किती हर्ट्झवर लावला होता, ते फाइलच्या नावातच लिहून पाठवावं.